वाट आणि घोषणा

विमानतळावर जमाव करू नये, धरणे धरू नये, असा निर्बंध ऐकला की मनात येते, सार्वजनिक जागेतच नागरिकाचे तोंड बंद का? अहमदाबादेत रस्त्यावरील सभेला परवानगी नाकारली गेली, त्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ठरविले की, अशा सभेचे नियमन करता येईल. ती नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार मात्र पोलिसांना देता येणार नाही. याच न्यायालयाने १९६९ मध्ये रेल्वेच्या आवारातील सभांविषयी निराळा कौल दिला होता. म्हणजे सुरतेजवळच्या आमच्या कोसाडच्या रस्त्यावर जो अधिकार आहे, तो कोसाड स्थानकाच्या फलाटावर नाही! हे विसंगत भासेल. पण रस्ता अडला तर दुसऱ्या गल्लीने जाता येते, उतारूला ती सोय नसते. विमानतळावर तर मुळीच नसते.

हा भेद फार बारकाईने तपासला गेला तो एका हिंदू पंथाच्याच दाव्यात. न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांवर इस्कॉनच्या भक्तांना ग्रंथ वाटावयाचे व देणग्या मागावयाच्या होत्या. १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी मागण्यावरील बंदी कायम केली, पत्रके वाटण्यावरील रद्द केली. पत्रक घेऊन, अथवा न घेता, मनुष्य पुढे जातो. मागणारा त्याला थांबवितो. पत्रकांपुरता तो विजय आपल्यापैकी अनेकांना आपलाच वाटेल, आणि ते योग्यच आहे.

मग कोचीचे काय? शबरीमलेत सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणारा निर्णय सप्टेंबर २०१८ मध्ये लागला. १६ नोव्हेंबरला पुण्याच्या तृप्ती देसाई सहा स्त्रियांसह पहाटे कोची विमानतळावर उतरल्या. बाहेर निदर्शकांनी वाट रोखली, टॅक्सीवाले न्यावयास तयार होईनात; दिवसभर आत अडकून त्या रात्री परतल्या. परंपरेला असे आव्हान द्यावे काय, याविषयी माझे मन त्यांना सर्वस्वी अनुकूल नाही. तथापि त्या दाराशी तो प्रश्नच नव्हता. मुखी अय्यप्पाचे नाम होते, एवढ्याने अडविलेली वाट मोकळी ठरत नाही. आणि उद्या दुसऱ्या कोणी यात्रेकरूंचीच वाट अशी रोखली, तर कोणत्या तोंडाने आपण कायद्याकडे जाणार?

अर्थात शासनही यातून सुटत नाही. निर्बंध वाटेसाठी असेल, तर कोपऱ्यात मूकपणे फलक धरणाऱ्या चार माणसांना हाकलण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २०११ मध्ये फ्रांकफुर्टबाबत सांगितले की, विमानतळाच्या सर्वांस खुल्या भागात सरसकट सभाबंदी घालता येत नाही; सुरक्षेसाठी कडक अटी मात्र घालता येतात. सुरतेच्या विमानतळावर नवी इमारत २०२३ मध्ये उभी राहिली. प्रवाशांच्या वाटेपासून दूर, अशा चार माणसांपुरती जागा तेथे आखून देणे इतके का अवघड आहे?