कुणाचा फोन येणार?

मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब राहत आणि तळमजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. काकांच्या मुलाने आईवडिलांना युरोप दाखवायचं ठरवलं तेव्हा साहेब आणि वहिनींनीही त्याच सहलीत नावं घातली. पॅरिस आणि स्वित्झर्लंड. व्हिसा झाला, थर्मल झाले, दशम्या किती न्यायच्या तेही ठरलं. घोडं अडलं ते फोनपाशी.

साहेबांनी फुलस्केप कागदावर रकाने आखले. कंपनी, किती जीबी, किती रुपये, जीबीमागे किती पडले. सगळ्यात स्वस्त निघालं ते एक युरोपचं ई-सिम. घरबसल्या घेतलं. मग भारतातलं सिम फोनमधून काढून कपाटाच्या लॉकरात ठेवून दिलं. “चालू ठेवलं की चुकून कुणाचा तरी कॉल घेतला जातो आणि पैसे कापले जातात,” ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. रोमिंगवर असताना आलेला कॉल घेतला तरी खिशाला चाट बसते. आपल्याकडे 2003 पर्यंत घरबसल्याही बसायची. तेव्हा निम्मी मुंबई मिस्ड कॉलवर चालायची.

काका स्टेशनसमोरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने एका दमात चार-पाच पॅक म्हणून दाखवले. काकांना एकही कळला नाही, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. उभ्या नोकरीत त्यांनी “कुठे उतरणार?” असं विचारल्याशिवाय तिकीट फाडलं नव्हतं. ते घरी परतले आणि काकूंना म्हणाले, “आपल्याला तिकडे फोन कुणाचा येणार?”

यादी छोटी निघाली. सगळ्यात आधी आई. घाटकोपरला पंतनगरात धाकट्या भावाकडे, वय अठ्ठ्याऐंशी, हातात बटणांचा फोन. तिला व्हॉट्सॲप येत नाही. ती पाठ असलेला नंबरच दाबणार. मग बँक. कार्ड अडलं तर ओटीपी भारतातल्याच नंबरावर येणार. मुलाला फोटो हवेत, ते रात्री हॉटेलच्या वायफायवरून जातील. आणि रस्ता चुकलो तर नकाशा.

म्हणून काकांनी आपलं सिम जागेवरच ठेवलं आणि त्यावर सगळ्यात लहान रोमिंग पॅक मारला. त्या सिमचं डेटा रोमिंग दुकानातल्या पोराकडून बंद करून घेतलं, नाहीतर फोन आपल्या मनानेच ॲप अपडेट करत बसतो आणि शिल्लक खातो. येणाऱ्या एसएमएसचे पैसे आपल्या कंपन्या रोमिंगमध्येही सहसा घेत नाहीत, त्यामुळे ओटीपीची सोय झाली. दुसऱ्या सिमच्या जागी नकाशापुरतं परदेशी कार्ड. ते घेताना काकांनी देशांची यादी बोट ठेवून वाचली, स्वित्झर्लंड सापडेपर्यंत. आईला सांगितलं, “सगळं ठीक असेल तर एक रिंग देऊन कट कर. बोलायचंच असेल तर वाजत ठेव.”

सगळं मिळून साहेबांच्या दुपटीहून जास्त खर्च आला. सहारला टी-2 च्या रांगेत साहेबांनी हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, “काका, गंडवलं तुम्हाला.”

पॅरिसमध्ये साहेबांचंच राज्य. आयफेल टॉवरवरून मुलुंडला व्हिडिओ कॉल, बोटीतून पुन्हा एक. काकूंनाही त्यांनी आपल्या फोनवरून मुलाशी बोलू दिलं. माणूस मनाचा कद्रू नव्हताच, कद्रूपणा होता तो कागदावर.

बाझलपाशी बस स्वित्झर्लंडमध्ये शिरली आणि साहेबांचं नेट गेलं. युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम 15 जून 2017 पासून संघातल्या दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही, आणि स्वस्त कार्डांच्या यादीतून हा देश पुष्कळदा गळतो. साहेबांनी देशांची यादी पाहिलीच नव्हती, कारण तिला रकाना नव्हता. ऱ्हाईनच्या धबधब्यापाशी जर्मनीची हद्द जवळ, तिथे त्यांच्या फोनला मिनिटभर जर्मन टॉवर सापडला. बाकी शांतता.

ल्युसर्नला वहिनींनी जावयासाठी घड्याळ पसंत केलं आणि कार्ड नाकारलं गेलं. परदेशातल्या खर्चाची मर्यादा कमी ठेवलेली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 2020 पासून नवी कार्डं मुळात देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात. परदेशातला वापर आणि त्याची मर्यादा ज्याची त्याने ठरवायची. नोकरीची शेवटची वर्षं साहेबांनी गिऱ्हाइकांना हेच तर समजावलं होतं! काकांनी हॉटस्पॉट दिला, साहेबांचं बँकेचं ॲप उघडलं, मर्यादा वाढवायला त्याने ओटीपी मागितला. सिम मुलुंडला, लॉकरात. शेवटी घड्याळ काकांच्या कार्डावर घेतलं. त्यांनाही मर्यादा वाढवावी लागली, ओटीपी त्यांनाही लागला. तो आला.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. आई! काकांनी धडधडत्या छातीने उचलला. तिला फक्त विचारायचं होतं की तिकडे थंडी आहे ना, मग मफलर बांधलास का. तिथून गाडी पंतनगरच्या पाण्यावर, मग शेजारणीच्या नातीच्या लग्नावर. पॅकमधली शिल्लक संपली तेव्हाच कॉल तुटला.

साहेब घड्याळ लावून बसले होते. “काका, एवढ्या पैशांत माझं अख्खं ई-सिम आलं असतं.”

“आलं असतं की,” काका म्हणाले, “पण त्यावर आई कुठून आली असती?”

दिवाळीनंतर साहेब लेकीकडे दुबईला निघाले. नवा फुलस्केप कागद घेऊन ते तळमजल्यावर आले. रकाने सगळे डेटाचेच. “दुबईला नेट असलं की झालं. बोरिवलीची ताई व्हॉट्सॲपवर कॉल करते.”

काकांचा पुतण्या तिकडे नोकरी करून आलेला. तो म्हणाला, “काका, दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. तिथल्या सरकारने परवानगी दिलेल्या ॲपवरूनच लागतो.”

साहेब कागदाकडे बघत राहिले. मग काकांनी विचारलं, “ताई कितीदा फोन करते?”

“रोज. सकाळी, चहा झाला की.”

“आणि तुम्ही नाही उचलला तर?”

“तर लेकीला करते. तिने नाही उचलला तर जावयाला, त्याच्या ऑफिसात.”

साहेबांनी कागद उलटा केला आणि काकूंकडे पट्टी मागितली.