विटाळ आणि घाण



पाणी शुद्ध झाले असे केव्हा म्हणायचे? प्रश्न सोपा वाटतो. गाळ खाली बसला, वास गेला, पिऊन कोणी आजारी पडले नाही, की झाले पाणी शुद्ध. परंतु आपल्या समाजात या एका प्रश्नाला फार पूर्वीपासून दोन निरनिराळी उत्तरे दिली जातात. एक उत्तर घाणीचा विचार करते, दुसरे विटाळाचा. ही दोन उत्तरे एकच आहेत असे आपण धरून चालतो आणि तेथेच चुकतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

प्रथम घाणीविषयी. पाणी स्वच्छ करण्याचे ज्ञान आपल्या देशात फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत. त्यांत निवळीचे बी आहे, कमळाचा कंद आहे, शेवाळाचे मूळ आहे आणि गाळण्याचे वस्त्रही आहे. निवळीचे बी मातीच्या भांड्याला आतून घासायचे, मग पाणी ओतायचे आणि थांबायचे. काही वेळाने गाळ तळाशी बसतो.

हेच काम आपल्या बांधावरच्या शेवग्याचे बी करते. सुदानमध्ये नाईल नदीकाठच्या बायका गढूळ पाण्यासाठी ते वापरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन त्याचा बारकाईने अभ्यास केला. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात व पाण्यात तरंगत राहतात. शेवग्याच्या बियांतील काही प्रथिनांवर धन भार असतो. ती या कणांना एकत्र बांधतात, गुठळ्या जड होतात आणि खाली बसतात. त्यांच्याबरोबर पुष्कळसे जंतूही खाली जातात. पुष्कळसे, सगळे नव्हेत. म्हणून पिण्याचे पाणी नंतर उकळावेच लागते. पाण्यात विरघळलेले क्षार किंवा फ्लोराईड या उपायाने जात नाहीत. शिवाय बियांचा अंश पाण्यात राहत असल्यामुळे ते पाणी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवू नये.

सांडपाण्यासाठी दुसऱ्या वनस्पती आहेत. जर्मनीत काथे झायडल या संशोधिकेने १९५०च्या दशकात पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नाही. आज जगभर अशी पाणथळ वाफे पद्धत वापरली जाते. आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने 'फायटोरिड' नावाची अशीच पद्धत विकसित केली आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती वापरली गेली. खडी भरलेल्या टाकीत कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती लावतात आणि सांडपाणी खडीच्या पृष्ठभागाखालून हळूहळू वाहू देतात. वर पाणी साचत नाही, म्हणून डास होत नाहीत. गंमत अशी की बहुतेक घाण वनस्पती स्वतः खात नाही. ती मुळांवाटे थोडा प्राणवायू खाली पोहोचवते, मुळांवर आणि खडीवर जंतूंना वस्ती करू देते, आणि ते असंख्य न दिसणारे जीव घाणीचे विघटन करतात. लागतो तो वेळ, थोडी जागा आणि देखभाल.

येथे एक गोष्ट विसरता येत नाही. जलपर्णीचे उदाहरण घ्या. ती पाण्यातील नत्र, स्फुरद आणि काही जड धातूसुद्धा शोषून घेते. मग ती नदीत वाढली की नदी स्वच्छ व्हायला हवी. तसे होत नाही. वेळेवर काढली नाही तर ती तेथेच मरते, कुजते, पाण्यातील प्राणवायू संपवते आणि घेतलेले सारे पाण्याला परत देते. कोणीतरी चिखलात उतरून ती बाहेर काढावीच लागते. आणि तिच्यात शिसे किंवा पारा असेल तर ती गुरांना घालता येत नाही, शेतात खत म्हणूनही टाकता येत नाही. म्हणजे घाण नाहीशी होत नाही. तिचे रूप बदलते, जागा बदलते, आणि शेवटी ती कोणाच्या तरी हाती येते. वनस्पती हे लपवत नाही.

आता विटाळाविषयी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या हजारो अनुयायांसह प्राशन केले. त्या तळ्यावर जनावरांना बंदी नव्हती, परधर्मीयांना बंदी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र होती. त्यानंतर तेथील सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले. गाईचे दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात रिकाम्या केल्या. साहित्य सारे नैसर्गिकच होते. पण त्या दिवशी तळ्यातून घाणीचा एक कणही बाहेर निघाला नाही. उलट पाण्यात शेण मिसळले गेले. कारण जे धुवायचे होते ते पाण्यात नव्हतेच. ते घागरी ओतणाऱ्यांच्या मनात होते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तिच्यातच निवळीचा दृष्टांत आहे, ही केवढी विसंगती! निवळीचे फळ पाणी निवळते हे खरे, पण केवळ तिचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय आहे. दृष्टांत बरोबर आहे. तो ज्यांनी पाठ केला त्यांनाच तो समजला नाही. माणसाला अपवित्र करणारी गोष्ट बाहेरून आत जात नाही, ती अंतःकरणातून बाहेर येते, असे प्रभू येशूने हात धुण्याच्या वादात सांगितले ते याच अर्थाने.

हे सारे जुने झाले असे म्हणून आपण सुटत नाही. विटाळ आणि घाण यांची अदलाबदल आजही चालूच आहे. ज्याने घाण केली तो स्वच्छ, आणि जो ती उपसतो तो अस्वच्छ, हे गणित आपल्या डोक्यातून गेलेले नाही. सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवून सफाई करून घेण्यास २०१३च्या कायद्याने मनाई केली, तरीही त्यानंतर गटारांत गुदमरून माणसे मेली आहेत. घाण आपल्या नजरेआड गेली की आपण तिला शुद्धी म्हणतो. खरे तर ती फक्त दुसऱ्याच्या दारात गेलेली असते.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहा. बालाघाटाच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना उतरते. तेरणा संत गोरोबांच्या तेरवरून पुढे मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी अक्कलकोट तालुक्यात कुरनूरच्या धरणात जाते आणि पुढे भीमेला मिळते. आपण वरच्या अंगाला राहतो. आपण सोडलेले पाणी खाली कोणाच्या तरी घागरीत जाते. त्या माणसाची जात, धर्म, नाव आपल्याला ठाऊक नसते. आपल्या पाण्यापुरता तोच आपला शेजारी असतो.

मग कोणी विचारील : वनस्पतींनी पाणी स्वच्छ करता येते, तर थोडी घाण झाली म्हणून काय बिघडले? संत थॉमस अक्विनास यांनी भरपाईविषयी जे शिकवले ते येथे लागू पडते. चोरीचा पश्चात्ताप झाला तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते. क्षमा मिळाली म्हणून भरपाई टळत नाही, आणि पुढे भरपाई करीन असे मनात ठरवून आज चोरी करण्याची मुभा तर मुळीच मिळत नाही. कर्दळीचा वाफा ही भरपाई आहे. तो घाण करण्याचा परवाना नव्हे. जे पाण्यात टाकणे टाळता येते ते टाळणे पहिले. जे टाळता येत नाही ते आपल्या हद्दीतच निवळून सोडणे दुसरे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कारखाने हजारो लिटर मळीमिश्रित पाणी सोडतात, शहरे नाले सोडतात, आणि धर्मगुरू आमच्या मोरीतल्या चार बादल्यांविषयी बोलतात! हा राग रास्त आहे. जबाबदारी सर्वांची असली तरी सारखी नसते. ज्याने जास्त घेतले व जास्त बिघडवले त्याने जास्त भरले पाहिजे. तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच तत्त्व मान्य केले. प्रदूषण करणाऱ्याने बाधित माणसांना भरपाई द्यावी आणि बिघडलेला निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्चही सोसावा. हा हक्क ग्रामसभेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. पण मागणाऱ्याच्या स्वतःच्या दारातले गटार उघडे असेल, तर त्याच्या शब्दाचे वजन कमी होते.

आणि त्या चार बादल्या वाटतात तेवढ्या थोड्या नाहीत. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातले पाचपैकी चार भाग सांडपाणी होते असे धरतात. म्हणजे रोज सुमारे २२० लिटर आणि वर्षाला ८० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे आठ टँकर! ज्या मराठवाड्याने २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले, त्याला हे पाणी डासांसाठी सोडून देणे परवडणारे नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांतून आणि डासांतून सुटका करून घेतली. त्यासाठी परदेशी यंत्रे लागली नाहीत.

निर्गमच्या पुस्तकात मारा येथील कडू पाण्याची हकिगत आहे. तहानलेले लोक कुरकुरत होते. परमेश्वराने मोशेला एक झाड दाखवले. मोशेने ते लाकूड पाण्यात टाकले आणि पाणी गोड झाले. बेन सिराच्या ग्रंथात वैद्य आणि औषधी यांच्याविषयी सांगताना याच लाकडाची आठवण काढली आहे. देवाने झाड दाखवले. पण उचलून पाण्यात टाकण्याचे काम मोशेला करावे लागले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत मानवी हक्क असल्याचे लिहिले. त्या हक्काचा आपण नुसता उच्चार करत राहिलो, तर तेही निवळीचे नाव घेणेच ठरेल.

तेव्हा या पावसाळ्यापूर्वी एवढे करू या. मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे आधी गाळ व तेलकटपणा अडवणारा छोटा खड्डा, त्यापुढे खडी-वाळूचा वाफा आणि त्यात कर्दळ. पुढे लिंबाला किंवा शेवग्याला पाणी. वाफ्यातला गाळ अधूनमधून काढावा लागेल, कर्दळ वाढली की छाटावी लागेल. संडासाचे पाणी मात्र यात मुळीच सोडू नये. आणि गाळ काढण्याचे काम घरातल्या सुनेवर किंवा रोजंदारीच्या माणसावर न ढकलता पाळीपाळीने सगळ्यांनी करावे. त्या कामाने हात घाण होतील, पण माणसाला विटाळ होणार नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू