हवापालट

आमच्या लहानपणी घरात कुणाचा खोकला महिनाभर हटला नाही, की डॉक्टर म्हणायचे, "जरा हवापालट करा." मोठा सोयीचा शब्द. नुसती मजा करायला जायची मध्यमवर्गाला लाज वाटायची, पण हवापालटाला कोण नावं ठेवणार? पाचगणीत तर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामच उभं राहिलं आणि त्याचं नाव बेल-एअर. हवा नावातच. त्या शब्दात एक गोष्ट गृहीत होती: चांगली हवा दुसरीकडे कुठेतरी असते आणि आपण उठून तिच्याकडे जायचं असतं.

हा शब्द मला बऱ्याच वर्षांनी आठवला तो विस्कॉन्सिन डेल्समध्ये. डिसेंबरचा महिना, बाहेर उणे पंधरा. शिकागोजवळच्या आमच्या घरापासून तीन तास गाडी हाकत आम्ही एका छपराखालच्या वॉटर पार्कमध्ये आलो होतो. मी, नवरा, दोन मुलं आणि पुण्याहून आलेली आई. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ चढली. आईने स्वेटर काढला, मग शाल, मग कानटोपी. "अगं, इथे तर मे महिना आहे," ती म्हणाली.

डेल्सला पूर्वी लोक खरंच बाहेरचं काही बघायला येत. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचा बांध फुटला, एक अवाढव्य सरोवर काही दिवसांत रिकामं झालं आणि त्या लोंढ्याने वालुकाश्मात घळी कोरल्या. एच. एच. बेनेट नावाच्या छायाचित्रकाराने 1886 मध्ये आपल्या मुलाला तिथल्या एका सुळक्यावर उडी मारायला लावली आणि तो हवेत असतानाच फोटो टिपला. (त्या मुलाच्या आईचं म्हणणं कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला आई झाल्यापासून फार पडतो.) असे फोटो पाहून लोक येत, पण उन्हाळ्यात. थंडी पडली की गावाला टाळं. मग 1994 मध्ये तिथल्या पॉलिनेशियन हॉटेलने घसरगुंड्या आणि तलाव छपराखाली घेतले. बाकीच्यांनी कित्ता गिरवला आणि हंगाम बारमाही झाला. नदी गोठलेली असताना तिच्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं आता घामाघूम होतात.

आपण म्हणतो वॉटर पार्क, पण खरी कारागिरी पाण्यात नाही, हवेत आहे. पाणी गाळून, औषध घालून पुन्हा पुन्हा तेच फिरवता येतं. हवेचं तसं नाही. ती पाण्यापेक्षा अंशभर तरी उबदार ठेवावी लागते, नाहीतर पाण्याची वाफ जास्त होते आणि ओल्या अंगाला हुडहुडी भरते. दमटपणा सतत शोषून घ्यावा लागतो, नाहीतर छताला पाणी सुटतं, लोखंड गंजतं. आणि तो वास! आपण त्याला क्लोरिनचा वास म्हणतो, पण तो बराचसा आपलाच असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की क्लोरामाइनं तयार होतात. उघड्या तलावावर त्यांना वारा घेऊन जातो. छपराखाली ती पाण्यावरच तरंगत राहतात, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. त्यावर मुख्य उपाय म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणं. पण ती उणे पंधराची. तापवायची तर पैसे. मालकाला मोह होतो तो इथे: आहे तीच हवा अजून थोडी फिरवू.

पाण्यात उतरण्याआधी अंग धुवा, अशी पाटी होती. आमच्यासकट सगळे तिच्यासमोरून सरळ पुढे गेले. आई तेवढी थांबली. टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून आलेली ती बाई तिथल्या शॉवरखाली साबण लावून रीतसर आंघोळ करून आली. "कुंडात काय पारोशाने उतरतात?" रसायनशास्त्र तिच्या बाजूने होतं.

छपराखालच्या पाण्याच्या या कल्पनेची परिसीमा जपानमध्ये मियाझाकीला 1993 मध्ये झाली. ओशन डोम. सरकतं छत, कृत्रिम वाळू, यंत्राच्या लाटा, आणि हे सगळं खऱ्या समुद्राच्या अगदी शेजारी. लोक हसले, पण गेलेही. 2007 मध्ये ते बंद पडलं. मला मात्र त्या कल्पनेला नुसतं हसवत नाही. समुद्राकडे गेलं की पाऊस येतो, लाटा खवळतात, रजा वाया जाते. वर्षात मोजून दहा दिवस सुट्टी मिळणाऱ्या माणसाला खात्री विकत घ्यावीशी वाटली, तर त्याला निसर्गद्रोही ठरवायचा अधिकार मला नाही. मीही डेल्सला तीच घ्यायला आले होते. आणि हेही कबूल करते, की ओल्या हातांमुळे दोन दिवस कुणाच्याच हातात फोन नव्हता. मुलं, नवरा, आई आणि मी टायरमध्ये बसून तिथल्या कृत्रिम गोल नदीत तासन्‌तास फिरलो. तिसऱ्या फेरीला आईने विचारलं, "ही जाते कुठे?" "कुठेच नाही, आजी," धाकटा आनंदाने ओरडला.

पण घरात सांगितल्या जातात त्या सहली वेगळ्याच असतात. महाबळेश्वरला तीन दिवस धुकं होतं, एकही पॉइंट दिसला नाही, वडील रोज सकाळी "आज उघडेल" म्हणायचे, ही आमच्याकडची सर्वात गाजलेली सहल. छपराखालच्या दोन दिवसांत बिघडण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे मुलांना नंतर त्यातलं फारसं आठवेना. त्यांनी मित्रांना सांगितला तो शेवटचा अर्धा तास.

निघताना आम्ही केस नीट वाळवले नव्हते. पार्किंगमध्ये पोचेपर्यंत मुलांच्या झिपऱ्या गोठून कुरडईसारख्या कडक झाल्या. ती एकमेकांचे केस वाजवून बघत खिदळत होती. नवरा काचेवरचं बर्फ खरवडत होता. मी दार उघडून म्हणाले, "आई, बस पटकन, हीटर लावलाय."

ती शाल आवळून तशीच उभी होती. तोंडातून वाफा निघत होत्या. दोन दिवसांचा तिचा ठसका थांबला होता.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "हवा घेते."