सुईण, माता आणि ज्ञानाचे ऋण

चाकूर परिसरातील एका घरी नवजात बालकाला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. बाळंतीण बाजेवर बसली होती. शस्त्रक्रिया करून बाळ काढावे लागले, असे सासूबाईंनी सांगितले. ‘‘का बरे?’’ असे आम्ही सहज विचारले. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. अखेर सून म्हणाली, ‘‘फादर, कुणी सांगितलंच न्हाई. अन् आपण इचारायचं तरी कसं?’’

या सासूबाई एके काळी गावच्या सुईण होत्या. अर्धे गाव त्यांच्या हातावर जन्मले. सुनेच्या वेळी मात्र त्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिल्या.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. जन्मासंबंधीचे ज्ञान नेमके कोणाचे? ज्याच्यापाशी ते आहे त्याने ते कृपा म्हणून द्यावे, की ते मातेचे देणेच आहे?

जुन्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. सुईणीच्या हातात कौशल्य होते, जिभेवर धीराचे शब्द होते. पण पहिला चीक पिळून टाकावा, नाळेला शेण लावावे, असल्या समजुतींपायी बालके दगावलीही. दवाखान्यांनी असंख्य माता वाचविल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु दवाखान्यात पाऊल ठेवताना स्त्रीने आपले प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवावेत, असे थोडेच आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी दवाखान्यांत शंभर प्रसूतींपैकी सुमारे ४७ शस्त्रक्रियेने झाल्या, तर सरकारी दवाखान्यांत सुमारे १४. शस्त्रक्रिया कित्येकदा अटळ असते. पण ती अटळ आहे की नाही, हे विचारण्याइतकी माहिती मातेपाशी नसेल, तर तिच्या संमतीला काय अर्थ उरतो?

‘‘अडाणी बाईला काय समजणार? ती उगाच घाबरेल,’’ असे कोणी म्हणेल. याचे उत्तर मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे कार्य आरंभिले. गावांनी आपल्यातूनच स्त्रिया निवडून दिल्या. त्यांतील कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावातल्या बायांना सांगत. गरोदरपणी चेहरा सुजला, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्त जाऊ लागले, तर घरी थांबू नये, हे कळण्यासाठी पदवी लागत नाही. सांगणारी विश्वासाची व्यक्ती लागते. डॉक्टरांनी ज्ञान वाटले म्हणून त्यांचे मोठेपण उणे झाले नाही. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आम्हा धर्मगुरूंनाही ही गोष्ट नवखी नसावी. बालक मरणाच्या दारी असेल, तर कोणीही योग्य हेतूने त्याला स्नानसंस्कार देऊ शकतो. तो कसा द्यावा हे भाविकांना शिकविण्याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी, असे १९८३ च्या विधिसंहितेचा ८६१ वा नियम सांगतो. सुईणींना हे शिकविण्याची प्रथा तर फार जुनी. जीव पणाला लागला असता ख्रिस्तसभा संस्काराचे ज्ञानही वेदीपाशी अडवून ठेवत नाही. मग देह वाचविणारे ज्ञान कोणी कोणत्या न्यायाने अडवावे? ते न सांगणे म्हणजे केवळ दयेचा अभाव नव्हे, तो अन्याय होय.

हे ऋण दुहेरी आहे. डॉक्टरांनी सांगावे, घाईच्या वेळी सांगता आले नाही, तर नंतर सांगावे. सुईणीनेही आपले अनुभव उघड करावेत आणि चुकीचे ते सोडावे. मातांनी एकमेकींना आपबीती सांगावी, लाजू नये. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांतील प्रसूतीच्या वेळी एखादी नातेवाईक स्त्री सोबत असण्यास मुभा दिली. ही साधी गोष्ट तरी आपल्या किती घरांना ठाऊक आहे?

वाचकहो, एखाद्या रविवारी मिस्सानंतर गावची आशाताई, एखादी परिचारिका, एखादी वृद्ध सुईण आणि गरोदर लेकीसुना यांना एकत्र बसवावे, असे आम्ही योजिले आहे. त्या सासूबाईंना आम्ही निमंत्रण धाडले. त्या म्हणाल्या, ‘‘येते फादर. पण मी सांगायला नाही, इचारायला येते.’’