एका गोळीची गोष्ट

बाबांच्या तेरवीनंतर चार दिवसांनी धाकट्या भावाने रायफलीचा विषय काढला. परवाना बाबांच्या नावावर होता. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग वारसांपैकी एकाने बाकीच्यांची ना-हरकत घेऊन स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. भावाला ती हवी होती, मला नको होती. मी फक्त एक सही करायची होती, आणि ती करायला मला सात महिने लागले.

बिरसीचं नाव आता बाहेर घेतलं जातं ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली, तेव्हा माझे आजोबा, म्हणजे आबाजी, तरुण होते. त्यांची रायफल .315ची, इंग्लंडमध्ये बनलेली. लष्कराची .303 गोळी खाजगी बंदुकीत चालू नये म्हणून सरकारने लोकांसाठी वेगळी मापं ठेवली होती, त्यातलं हे एक. तिच्या दस्त्याचं पॉलिश गाल टेकतो तिथे पूर्ण गेलेलं आहे. लहानपणी मी तिथे गाल टेकून पाहायचो. लाकूड गुळगुळीत लागायचं, तेलाचा वास यायचा आणि मी न पाहिलेला तरुण आबाजी जवळ आल्यासारखा वाटायचा. निवडणूक आली की बाबा ती कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करायचे. परत आणल्यावर अंगणात बाज टाकून तिची नळी साफ करायचे, आणि तेव्हा हमखास ती गोष्ट निघायची.

गोष्ट 1966 सालची. धानात रानडुकरांचा उच्छाद होता. आबाजींनी नाल्याकाठी हाका घातला. एक दांडगा एकुलगा निघाला, सरळ आबाजींच्या अंगावर आला आणि एका गोळीत आडवा झाला. त्याचा सुळा अजून आमच्या कपाटात आहे. ‘एका गोळीत’ हे दोन शब्द आमच्या घरात म्हणीसारखे वापरले जात. कोणी पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पास झाला की बाबा म्हणायचे, “आबाजीवर गेला.”

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर आमच्या जुन्या सालदाराची म्हातारी बायको माझ्याशेजारी येऊन बसली. बाबांच्या आठवणी निघाल्या, त्यातून बंदुकीची निघाली. ती अगदी सहज म्हणाली, “डुक्कर तुज्या आज्यानं मारला बाबू, पन पाय आमच्या बुढ्याचा गेला.”

मग तिने सांगितलं. गोळ्या दोन होत्या. पहिली डुकराच्या मागच्या अंगाला लागली. जखमी डुक्कर उलटा फिरला आणि हाकेकऱ्यांत शिरला. तिच्या नवऱ्याची मांडी त्याने फाडली. दुसरी गोळी त्यानंतरची. तो माणूस पुढची तीस वर्षं लंगडत आमच्याच शेतात राबला. लहानपणी मी त्याच्या खांद्यावर बसून बैलबाजाराला गेलो आहे. त्याची चाल मला आजही आठवते. ती तशी का आहे, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

भावाला हे सांगितलं तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. त्या वेळी शिकार कायदेशीर होती. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याआधी जंगलखातंच परवाने देऊन शिकारीचे ब्लॉक नेमून द्यायचं. आजच्या मापाने कालच्या माणसाला मोजू नये. हा युक्तिवाद मला पूर्वी पटायचा. कायद्यापुरता तो आजही पटतो.

पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. ‘त्या काळी कोणाला वाईट वाटत नसे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या काळी फक्त बंदूक धरणारेच जिवंत होते असं धरून चालतो. फाटलेली मांडी 1966 सालीच दुखली. ते दुखणं ओळखायला आजचं माप लागत नाही. तेव्हाचंच माप, फक्त दुसऱ्या घरातलं, पुरेसं होतं. काळाची सबब पुढे करताना आपण बहुतेक वेळा काळातली एकच बाजू पुढे करत असतो.

आणि दुसरी बाजू पाहणं ही काही आजची टूम नाही. रामायणाची जन्मकथाच शिकारीची आहे. निषादाने क्रौंचाच्या जोडीतला नर मारला, मादी आक्रोश करू लागली आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला. क्रौंच म्हणजे सारस, असं अनेक अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने आमच्याच गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि मामा तलावांच्या काठी दिसतो, जोडीनेच. ज्या परंपरेने आपलं पहिलं काव्य बाण लागलेल्याच्या बाजूने सांगितलं, तिच्यात वाढलेल्या घरात गोष्टी मात्र बंदुकीच्या दस्त्याकडून सांगितल्या जात होत्या.

तरी ही कथा मी सरळ उचलू शकत नाही, कारण तिच्यातला शापित माणूस निषाद आहे. तो कदाचित पोटासाठी मारत असेल. आमच्याकडेही हेच झालं. परवान्याची रायफल असलेला तो शिकारी, आणि भरमार किंवा फासा घेऊन जाणारा तो चोर. 1972 नंतर कायद्याने दोघांना एकाच रांगेत उभं केलं. पण एकाची बंदूक आठवण म्हणून घरात राहिली, दुसऱ्याची मुद्देमाल म्हणून जप्त झाली. आठवणी जपायलाही परवाना लागतो, असं म्हणायची वेळ येते.

जिम कॉर्बेटची .275 रिग्बी रायफल 2016 साली इंग्लंडहून भारतात फिरवून नेली. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल ती त्याला 1907 साली भेट मिळाली होती. त्या वाघिणीने 436 माणसं मारली असं कॉर्बेटने लिहिलं, आणि आणखीही एक नोंद केली. तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, जुन्या गोळीने. नैसर्गिक शिकार करता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे त्या गौरवाच्या रायफलीमागे आणखी एक बंदूक होती. तिच्या मालकाच्या घरीही नेम चुकल्याची नव्हे, लागल्याचीच गोष्ट सांगत असतील.

एवढं झाल्यावर मी भावाला फोन करून सांगणार होतो की सही करत नाही, रायफल सरकारजमा करू. त्याआधी म्हातारीकडे गेलो. माफी मागावी असं मनात होतं. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, “तुजा आजा दर पोळ्याले येत होता आमच्या घरी. ओसरीवर बसे. बोलत काही नसे.” त्या वर्षी त्यांनी एक खंडी धान दिलं होतं, डॉक्टरचा खर्चही केला होता. पुरेसं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “पाय थोडीच वापस येते?”

येताना मला कळलं की मी चुकीच्या माणसावर खटला भरत होतो. आबाजींना दोन गोळ्या आठवत होत्या. ते मरेपर्यंत त्या ओसरीवर जात राहिले. एक गोळी आम्ही वारसांनी गाळली. नळी साफ करता करता गोष्टही साफ केली. अशा वेळी रायफल सरकारजमा करणं म्हणजे उरलेला साक्षीदारही घराबाहेर काढणं. माझे हात स्वच्छ झाल्यासारखे वाटले असते, आणि गोष्ट एका गोळीचीच राहिली असती.

मी ना-हरकतीवर सही केली. भावाला एकच अट घातली, की गोष्ट सांगायची तर दोन गोळ्यांची सांगायची, आणि त्या माणसाचं नाव घेऊन. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण म्हातारीला तसं विचारलेलं नाही. भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बाबांना माहीत असेल का रे?”

याचं उत्तर माझ्याकडे नाही. या पोळ्याला तो त्या ओसरीवर जाऊन आला.