गाव कोणतं, हे डॉक्टरांनी विचारावं

बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्र्याला नारायणा हृदयालय हे रुग्णालय आहे. 2003 मध्ये लाहोरहून बसने आलेल्या एका चिमुरडीच्या हृदयावर तिथे शस्त्रक्रिया झाली. तिचा आजार आईवडिलांना आधीच कळला होता, म्हणून ती सीमा ओलांडून आली. त्याच तालुक्यात कारखान्यांच्या नि बांधकामांच्या आडोशाला पत्र्याच्या शेडमध्ये आसाम, बंगाल, ओडिशातून आलेल्या मजुरांची मुलं राहतात. ती निर्वासित की स्थलांतरित, हा वाद मला इथे गौण वाटतो. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि घर सुटलेल्या मुलाचं दुखणं दोन्हीकडे सारखंच दडून राहतं.

पालघरहून 2013 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा मुलं तपासतो. योजना चांगली आहे. पण जे मूल ना अंगणवाडीत ना शाळेत, ते पथकासमोर येणार कसं?

आलंच, तर पुढची चूक होते. मूल फिकं दिसलं की 'खायला मिळत नाही' म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं व्हायचं. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण आसाम-बंगालकडे हिमोग्लोबिन-ई हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो, पश्चिम ओडिशात सिकलसेल, जो आपल्या विदर्भातही आहे. थॅलेसेमिया या तशाच रक्ताच्या आजारात तर लोह सहसा कमी नसतं, उलट शरीरात साचत जातं. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांबरोबर थॅलेसेमियाही उल्हासनगरला आला होता. आज समाजाच्या संस्थाच लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगतात. एवढं शहाणपण यायला काही पिढ्या आजारी मुलं वाढवावी लागली.

म्हणून 'मूळ गाव कोणतं?' हा प्रश्न निदानाचा आहे. दुर्दैवाने बंगाली बोलणाऱ्या मजुराला तो आधी पोलीस विचारतात, मग घरमालक, आणि दोघांच्याही मनात संशय असतो. मग दवाखान्यात आई खोटं गाव सांगते, किंवा दवाखान्यातच येत नाही. भीतीपोटी दिलेल्या त्या उत्तराने निदान चुकतं, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

आरोग्य पथकांनी शेडपर्यंत जावं, तेही रविवारी, आईबाप घरी असताना. गाव विचारण्याआधी त्या आईला सांगावं, की हे उत्तर पोलिसांकडे जाणार नाही. आणि ते खरंच जाऊ नये, याची हमी सरकारने लेखी द्यावी.