ब्रेकमधली हवा आणि आपला अधिकार

गाडीच्या ब्रेकमधली हवा कशी काढावी हा गॅरेजचा विषय, त्याचे या पानावर काय काम, असे कोणी म्हणेल. वाचकहो, मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पावसाळा सरला आणि माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक दाबताच पाय गादीवर ठेवल्यासारखा आत जाऊ लागला. मेकॅनिक म्हणाला, "महाराज, हवा शिरलीय, ऑइलही जुनं झालंय." ऑइल हा बोलण्यातला शब्द, खरे तेल आत गेले तर रबरे फुगून ब्रेकच जातो. हा द्रव हवेतले पाणी ओढून घेतो. डॉट ४ जातीचा कोरा द्रव निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापून द्रव उकळला की वाफ होते. द्रव दबत नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकाला पोहोचतो. वाफ काय, हवा काय, दोन्ही दबतात, आणि जोर त्यांना दाबण्यातच सरतो.

मग हे काम मेकॅनिकला न देता मी स्वतः का केलं? पैसे वाचवायचे होते, हे खरे. पण मोठे कारण गर्व. न्यायाचे ग्रंथ लावले, मला चार निपल लागणार नाहीत?

पुतण्याला पेडलवर बसवले. मी "दाब" म्हणायचं, त्यानं दाबून "धरलाय" म्हणायचं; मग मी पान्याने निपल सैल करायचा, नळीतून द्रव बाटलीत आला की बंद करायचा, आणि तेव्हाच "सोड" म्हणायचं. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. तिसऱ्या चाकाशी निपल उघडा असतानाच त्याचा पाय उठला. नळीतला बुडबुडा उलटा आत सरकला. मी पाहिला, त्याने नाही.

चारही चाके झाली. पेडल कडक लागले. हे प्रत्यक्ष प्रमाण खरेच. पण उभ्या गाडीतले, थंड ब्रेकवरचे! मन मात्र म्हणे, झालं की.

वेदान्तात अनुबंधचतुष्टय सांगतात, त्यात पहिला अधिकारी. कोणी शंका घेईल, पहिल्यांदा केल्यावाचून अधिकार येणार कसा? बरोबर आहे, शिकण्याचा अधिकार सर्वांना आहे. परंतु आपणच केलेल्या कामाला आपणच निर्दोष ठरवायचे, हा अधिकार निराळा. "माझा जीव, माझी जोखीम" हेही बोलणे फसवे. रस्ता ओलांडणाऱ्या परक्या माणसाला कोणी विचारले होते? चूक पोराच्या पायाची, तिला क्षमा आहे. पाहिलेला बुडबुडा गिळून टाकणे, ते मात्र माझे कपट झाले असते.

असो. तिसरे चाक पुन्हा उघडले. दोन बुडबुडे निघाले. मग मेकॅनिकला सगळं सांगून गाडी तपासायला दिली. तो हसला, आणि एक निपल आणखी थोडा आवळला.

पुढे सासवडहून दिवे घाट उतरायचा होता. निघण्यापूर्वी सोबतच्या चौघांना सांगितलं, ब्रेक मी केलेत, मेकॅनिकने पाहिलेत. तिघे बसले. मृदंगवाले एसटीने आले. मला वाईट वाटलं, पण ते चुकले असं काही म्हणवत नाही.